फुरसत, करमणूक आणि धर्म: कॉलेजात तिन्ही एकत्र शिकायचं असेल तर

रिक्रिएशन आणि लीजर मॅनेजमेंट, म्हणजे करमणूक आणि फुरसतीचं व्यवस्थापन, हा एक विषय आणि धर्माचा अभ्यास हा दुसरा. ही जोडी ऐकली की बहुतेकांना वाटतं, विद्यार्थ्याला वेळापत्रकात जे मिळालं ते त्याने घेतलं असावं. प्रत्यक्षात दोन्ही विषय एकाच गोष्टीभोवती फिरतात. पोटापाण्याचं काम, झोप आणि घरची कामं उरकल्यावर माणसाच्या हाती जो वेळ उरतो, तो वेळ माणूस कुणाबरोबर घालवतो, कुठे आणि कशासाठी? सण, यात्रा, आठवड्याची सुट्टी, सामूहिक गायन, उपवास, स्वयंसेवा, शिबिरं, खेळाची मैदानं यांतलं काहीही घ्या, दोन्ही विभागांतले प्राध्यापक त्यावर हक्क सांगतील. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात धर्मस्वातंत्र्य अठराव्या कलमात आहे आणि विश्रांतीचा व फुरसतीचा हक्क चोविसाव्या. दोन्ही हक्क एकाच कागदावर असूनही ते एकत्र वाचणारे थोडे असतात.

ही जोडी निवडणाऱ्यांना, किंवा निवडावी का या विचारात असणाऱ्यांना, प्रवेशापासून शेवटच्या प्रकल्पापर्यंत काय करावं हे इथे क्रमाने सांगतो. माझं एक ठाम मत सगळीकडे डोकावेल, ते आधीच सांगून टाकतो. हे दोन विषय शेजारी-शेजारी ठेवून शिकले तर दोन्हींतलं थोडं थोडं येतं आणि कामाचं काहीच हाती लागत नाही. एखादा प्रश्न धरून तो दोन्ही वर्गांत नेला तरच ही पदवी उपयोगी पडते.

पहिली पायरी: कोणत्या दारातून आत जाताय ते ओळखा

धर्माचं शिक्षण दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी मिळतं आणि नावांवरून फरक नेहमी लक्षात येत नाही. एक धर्मसंस्थेच्या अंगाने चालणारं, म्हणजे विशिष्ट श्रद्धेच्या आतून दिलं जाणारं, पुढे पुरोहित, धर्मोपदेशक किंवा समुपदेशक तयार करणारं शिक्षण. दुसरं विद्यापीठीय धर्म-अभ्यासाचं, जिथे विद्यार्थ्याची स्वतःची श्रद्धा कोणती हे कुणी विचारत नाही आणि सगळ्या परंपरा त्याच कसोट्यांवर तपासल्या जातात. हा दुसरा प्रकार तसा अलीकडचा. ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये उभारलेला विभाग त्यातला एक महत्त्वाचा टप्पा. अमेरिकेत १९६३ च्या अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण धर्माविषयी वस्तुनिष्ठपणे शिकवायला हरकत नाही हेही त्याच निकालात स्पष्ट केलं. त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांत धर्म-अभ्यासाचे विभाग वाढले.

फुरसतीच्या बाजूलाही असेच फाटे आहेत. काही अभ्यासक्रम उद्यानं, मैदानं आणि सार्वजनिक कार्यक्रम चालवायला शिकवतात, काही पर्यटनाकडे झुकलेले असतात, काही रिक्रिएशन थेरपीकडे, म्हणजे आजारी, वृद्ध किंवा अपंग व्यक्तींसाठी खेळ-कला-छंदांचा उपचार म्हणून वापर करण्याकडे. काही निखळ समाजशास्त्रीय असतात आणि तिथे कार्यक्रमाचं बजेट कसं मांडायचं हे तुम्हाला कुणीही शिकवणार नाही.

म्हणून जाहिरातीतलं पदवीचं नाव बाजूला ठेवा आणि सेमिस्टरनिहाय विषयांची यादी मागून घ्या. तिच्यात चार गोष्टी शोधा: संशोधनपद्धतीचा किमान एक पूर्ण पेपर, क्षेत्रकार्य किंवा इंटर्नशिप, एकाहून अधिक धर्मपरंपरांचा अभ्यास, आणि जोखीम किंवा सुरक्षा व्यवस्थापन. शेवटची गोष्ट अनेकांना किरकोळ वाटते. ती किरकोळ का नाही ते पुढे येईल.

दोन्ही विषय मिळून एक पदवी क्वचितच मिळते. एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (जोडविषय) अशीच सोय बहुतेकांना करावी लागते. अमेरिकी पद्धतीची चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची असते आणि युरोपात बोलोन्या या सामायिक पद्धतीची तीन वर्षांची १८० ईसीटीएसची (हे तिथलं क्रेडिट), ज्यात एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. हा हिशेब एवढ्यासाठी करायचा की मायनरला प्रत्यक्षात किती तास मिळणार ते कळावं. माझा कल विचाराल तर नोकरी लगेच हवी असणाऱ्यांनी व्यवस्थापन मेजर ठेवावं, कारण इंटर्नशिप बहुधा मेजरला जोडलेली असते. पुढे संशोधन करायचं असेल तर उलट. मात्र मायनरच्या विभागातला एखादा प्राध्यापक पहिल्याच वर्षी गाठा. शेवटचा प्रकल्प दोघांच्या देखरेखीखाली करायचा असेल तर ही ओळख कामी येते. तिसऱ्या वर्षी दार ठोठावलं तर तो माणूस तुम्हाला ओळखतही नसतो.

दुसरी पायरी: पहिल्या वर्षात कोणते विचार पक्के करायचे

फुरसतीच्या अभ्यासात पहिला गोंधळ व्याख्येचा असतो. फुरसत म्हणजे उरलेला वेळ, विशिष्ट कृती, की मनाची अवस्था? जॉन न्यूलिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दोन कसोट्या मांडल्या: हे मी स्वेच्छेने करतोय असं वाटणं, आणि करण्यातच आनंद असणं. आता या कसोट्या प्रार्थनेला लावून बघा. आईच्या धाकाने दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारा मुलगा आणि मनापासून जाणारी त्याची बहीण एकाच बाकावर बसलेली असतात. दोघांची कृती तीच, वेळही तीच. एकाची ती फुरसत आहे आणि दुसऱ्याची नाही? आणि बहीण म्हणाली, “जायलाच हवं, ते माझं कर्तव्य आहे, आणि मला तिथेच बरं वाटतं,” तर तिला कुठे ठेवायचं? या एका प्रश्नावर वर्गात तासभर भांडता येतं आणि भांडावंच.

दुसरं नाव समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स. त्यांनी १९८२ मध्ये ‘गंभीर फुरसत’ ही कल्पना मांडली. हौशी कलावंत, छंदिष्ट आणि स्वयंसेवक आपल्या फावल्या वेळेत इतके बुडतात की त्या वेळेला जणू कारकिर्दीचं रूप येतं: चिकाटी लागते, टप्पे असतात, खास मेहनत घ्यावी लागते, टिकाऊ लाभ होतात, त्या गटाची स्वतःची रीत तयार होते आणि माणूस स्वतःची ओळखच त्यावरून सांगू लागतो. प्रार्थनास्थळात वर्षानुवर्षं गाणारी किंवा वाढपाची जबाबदारी उचलणारी माणसं या चौकटीत चपखल बसतात. पण त्यांना ‘तुमचा छंद’ असं म्हणून बघा! त्यांच्या चेहऱ्यावर जी नाराजी उमटते तिथून धर्म-अभ्यास सुरू होतो.

तिसरं, आणि व्यवहारात सर्वांत उपयोगी, म्हणजे अडथळ्यांचं प्रतिमान, म्हणजे माणसाला फुरसतीच्या कृतीपासून काय अडवतं याची मांडणी. क्रॉफर्ड आणि गॉडबी यांनी १९८७ मध्ये अडथळ्यांचे तीन थर सांगितले: मनातले, माणसांमधले आणि रचनेतले. एखाद्या पोहण्याच्या तलावावर विशिष्ट समाजातल्या बायका येत नाहीत असं दिसलं की व्यवस्थापक फक्त रचनेतला अडथळा हटवतो. महिलांसाठी वेगळी वेळ ठेवतो आणि तरीही तलाव रिकामा राहिला की बुचकळ्यात पडतो. कदाचित सोबत यायला कुणी नसेल. कदाचित पोहणं आपल्याला शोभत नाही ही भावना असेल. कदाचित देखरेखीवरचा कर्मचारी पुरुषच असेल, म्हणजे रचनेतला अडथळाही अर्धाच हटला असेल. धर्म या तिन्ही थरांत वेगवेगळ्या रूपांनी बसलेला असतो आणि तो कुठे बसलाय हे विचारल्याशिवाय कळत नाही.

धर्माच्या बाजूने निनियन स्मार्ट यांनी सांगितलेली धर्माची सात अंगं पाठ नव्हे, अंगवळणी पाडा: विधी, अनुभव, कथा, सिद्धांत, नीतिनियम, संस्था, आणि वास्तू व वस्तू. (त्यांनी आधी सहाच सांगितली होती, भौतिक अंग नंतर जोडलं.) नवख्या विद्यार्थ्याची सवय अशी की धर्म म्हटलं की तो थेट सिद्धांताकडे धावतो, ‘हे लोक काय मानतात’ असं विचारतो. फुरसतीशी नातं मात्र बहुधा उरलेल्या सहांतून जुळतं. लोक काय मानतात यापेक्षा कधी जमतात, काय खातात, कुठे बसतात, कोण झाडतं आणि कोण गातं यातून जास्त कळतं.

तिसरी पायरी: जोड कुठे आहे ते इतिहासात बघा

हा भाग मला सर्वांत आवडतो, म्हणून थोडा रेंगाळतो.

१६१८ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने रविवारच्या खेळांविषयी एक जाहीरनामा काढला. दुपारी प्रार्थना उरकल्यावर नाच, तिरंदाजी, उड्या मारण्याचे खेळ यांना मुभा दिली. अस्वल आणि बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळांना मनाई केली. खेळायची परवानगी फक्त त्यालाच, जो आधी चर्चला गेला असेल. प्युरिटन मंडळींना, म्हणजे रविवार कडकपणे पाळणाऱ्या कर्मठ प्रोटेस्टंटांना, हे अजिबात रुचलं नाही. पहिल्या चार्ल्सने १६३३ मध्ये तो जाहीरनामा पुन्हा काढला आणि १६४३ मध्ये संसदेच्या हुकमाने त्याच्या प्रती जाहीरपणे जाळल्या गेल्या. सुट्टीच्या दुपारी माणसाने काय करावं यावर एवढं राजकारण! व्यवस्थापनाच्या वर्गात ‘वेळापत्रक’ हा रूक्ष शब्द ऐकाल तेव्हा हा प्रसंग आठवा. कुठलंही वेळापत्रक तटस्थ नसतं.

तोच वाद १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वेगळ्या वेषात आला. मॅकगवन विरुद्ध मेरीलँड खटल्यात न्यायालयाने रविवारी दुकानं बंद ठेवण्याचे कायदे वैध ठरवले. त्यांचं मूळ धार्मिक असलं तरी आता सर्वांना एकसारखा विश्रांतीचा दिवस देणं हा त्यांचा ऐहिक हेतू आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच वर्षी ब्राउनफेल्ड विरुद्ध ब्राउन खटल्यात ऑर्थोडॉक्स ज्यू दुकानदारांनी गाऱ्हाणं मांडलं की शनिवारी आमचा धर्म दुकान बंद ठेवायला लावतो आणि रविवारी कायदा, मग धंदा करायचा कधी? ते हरले. दोन्ही निकाल एकापाठोपाठ एक वाचा. ‘सर्वांसाठी सुट्टी’ या निरागस वाटणाऱ्या धोरणाची किंमत कोण मोजतं, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं धोरणावरच्या दहा व्याख्यानांतून कळत नाही.

आणि ल्यूथर गुलिक. मिशनरी घराण्यात जन्मलेला हा डॉक्टर अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या (तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संघटनेच्या) प्रशिक्षण शाळेत शारीरिक शिक्षण बघत होता. थंडीत बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ शोधायला त्याने जेम्स नेस्मिथ याला सांगितलं आणि १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मला. नेस्मिथने स्वतः धर्मशास्त्राचं शिक्षण घेतलेलं होतं. शरीर, मन आणि आत्मा असा त्रिकोण वायएमसीएला देणारा गुलिकच पुढे १९०६ मध्ये स्थापन झालेल्या प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका या संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. म्हणजे आज जो व्यवसाय पूर्णपणे ऐहिक समजला जातो, त्याची एक मुळी थेट धर्मसंस्थेच्या व्यायामशाळेत आहे.

सिद्धांताच्या पातळीवर ही जोड बघायची असेल तर समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच विधींमधल्या करमणुकीच्या अंगाची दखल घेतली होती. मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी १९७४ मध्ये पारंपरिक विधीतली उंबरठ्यावरची अवस्था (माणूस जुन्या स्थितीतून निघालेला, नव्या स्थितीत न पोचलेला) आणि आधुनिक फुरसतीतले तिच्यासारखे अनुभव यांत भेद केला: पहिल्यात सहभाग समाजाने लादलेला असतो, दुसऱ्यात निवडीचा. समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९७९ मध्ये पर्यटकाच्या अनुभवाचे पाच प्रकार सांगितले. एका टोकाला नुसती करमणूक आणि कंटाळ्यावरचा उतारा, दुसऱ्या टोकाला यात्रेकरूसारखा अस्तित्वाचा शोध, आणि मध्ये इतरांचं जगणं पाहण्याची व आजमावण्याची ओढ. ही प्रकरणं मुळातून वाचा, सारांशावर विसंबू नका. विशेषतः टर्नर सारांशात फार सोपे वाटतात आणि तसे ते नाहीत.

चौथी पायरी: वेळेची नोंदवही ठेवा

सिद्धांताचा हा डोस पोटात गेल्यावर लगेच हात कामाला लावायचे. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शिकवणारा प्रयोग म्हणजे वेळेची नोंदवही. युरोपातल्या अधिकृत वेळ-वापर पाहण्यांत दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे खाने पाडतात, म्हणजे चोवीस तासांचे १४४ खाने. प्रत्येक खान्यात चार नोंदी: मुख्य कृती, तिच्यासोबत चाललेली दुसरी कृती, जागा, आणि सोबत कोण. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस अशी नोंद आधी स्वतःची करा, मग ओळखीतल्या वेगवेगळ्या वयाच्या पाच-सहा जणांकडून करून घ्या.

‘दुसरी कृती’ हा रकाना गाळू नका, सगळी मजा तिथे आहे. स्वयंपाक करताना पुटपुटलेली प्रार्थना, प्रवासात कानाला लावलेलं प्रवचन, नातवाला झोपवताना सांगितलेली पुराणकथा हे मुख्य कृतीच्या रकान्यात कधीच दिसत नाही. हा रकाना नसलेली पाहणी धर्माला दिवसातून जवळपास गायब करून टाकते.

नोंदवहीचा आणखी एक फायदा आहे. “तुम्ही किती वेळा प्रार्थनेला जाता?” असं थेट विचारलं की लोक वाढवून सांगतात. ते जाणूनबुजून खोटं बोलत नाहीत, त्यांना स्वतःला तसंच आठवत असतं. हॅडवे, मार्लर आणि चॅव्हेझ या अभ्यासकांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या चर्चमधली हजेरी प्रत्यक्ष मोजून पाहिली. लोकांनी पाहण्यांत सांगितलेल्या हजेरीच्या जवळपास निम्मीच भरली. फुरसतीबद्दलचे प्रश्नही असेच फसवतात: वाचन आणि व्यायाम वाढतात, पडद्यासमोरचा वेळ आटतो. म्हणून प्रकल्पात प्रश्नावली वापरणार असाल तर तिच्या जोडीला नोंदवही, निरीक्षण किंवा प्रवेशद्वारावरची मोजणी यांपैकी काहीतरी हवंच.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष जागेवर जा, पण परवानगी घेऊन

एक ठिकाण निवडा जिथे धर्म आणि फुरसत एकमेकांत मिसळतात. प्रार्थनास्थळाचं अंगण, त्याला जोडलेलं क्रीडागृह, ध्यानशिबिर, यात्रेतलं विश्रांतिस्थान, धार्मिक संस्थेने चालवलेली वृद्धांची दुपारची बैठक, काहीही चालेल. विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते का ते आधी विचारा. माणसांशी बोलणार असाल तर बहुतेक ठिकाणी लागते आणि तिला आठवडे जातात. जागेच्या व्यवस्थापकांना लेखी कळवा. फोटोची आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगळी मागा. एकाला होकार म्हणजे दोन्हींना होकार नव्हे.

नोंदी दोन रकान्यांत घ्या. डावीकडे जे दिसलं, ऐकू आलं तेवढंच. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं. ‘लोक भक्तिभावाने बसले होते’ ही डावीकडची नोंद नाही. ‘चाळीसेक माणसं जमिनीवर, बहुतेकांचे डोळे मिटलेले, मागच्या रांगेत दोघे हलक्या आवाजात बोलत होते’ ही आहे. भक्तिभाव तुम्ही लावलेला अर्थ आहे. कदाचित बरोबर असेल, पण तो उजवीकडे राहू द्या. आणि नोंदी त्याच रात्री नीट उतरवून काढा. दुसऱ्या दिवशी आठवण स्वतःहून गोष्टी जुळवायला लागते.

तुमची स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा इथे मध्ये येणारच. आपल्याच परंपरेच्या जागी गेलात तर सगळं ओळखीचं म्हणून काहीच टिपलं जात नाही. परक्या जागी गेलात तर सगळंच अद्भुत वाटतं. जमलं तर दोन्ही करा, निदान एकेक भेट तरी. विधीत सामील व्हायचं की नाही हे आत जाण्यापूर्वी ठरवा आणि विचारणाऱ्याला खरं सांगा की मी अभ्यासासाठी आलो आहे.

सहावी पायरी: आकडे आणि सुरक्षा

आता मघाशी राहिलेली गोष्ट: सुरक्षा व्यवस्थापन किरकोळ का नाही. धार्मिक गर्दी आणि करमणुकीची गर्दी यांत भौतिकशास्त्राला फरक दिसत नाही. गर्दीचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की जमाव द्रवासारखा वागू लागतो आणि एकट्या माणसाचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही. त्याच्या खूप आधीच थांबावं लागतं.

एक उदाहरण कागदावर सोडवू. अंगण ४०० चौरस मीटरचं आहे आणि दर चौरस मीटरला दोन माणसं एवढीच घनता तुम्ही ठरवली आहे. क्षमता झाली ८००. बाहेर पडायला दोन-दोन मीटर रुंदीची दोन दारं आहेत. ब्रिटनमधल्या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर मिनिटाला दर मीटर रुंदीमागे ८२ माणसं आणि पायऱ्यांवर ६६ माणसं असा कमाल दर धरतात. चार मीटर गुणिले ८२ म्हणजे मिनिटाला ३२८. अंगण अडीच मिनिटांत रिकामं. आता एक दार बंद धरा, कारण आणीबाणीत नेमकं तेच होतं: दर निम्मा, वेळ पाच मिनिटांच्या घरात. उरलेल्या दाराबाहेर पायऱ्या असतील तर मिनिटाला १३२ आणि सहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ. आणि त्या दारातच लोकांनी काढलेल्या चपलांचा ढीग असेल तर? रुंदी दोन मीटर राहतच नाही. इथे धर्म-अभ्यास कामी येतो. पादत्राणं कुठे काढतात, स्त्री-पुरुषांच्या वाटा वेगळ्या आहेत का, कोणत्या क्षणी सगळे एकदम पुढे सरकतात, कोणत्या दाराने बाहेर पडणं अशुभ मानतात, हे ज्याला माहीत नाही त्याचा हिशेब कागदावरच बरोबर येतो.

पवित्र मानल्या गेलेल्या डोंगर-तळ्यांसारख्या नैसर्गिक जागांसाठी आणखी एक पद्धत शिकून ठेवा. अमेरिकेच्या वनसेवेत १९८५ मध्ये मांडली गेलेली ‘स्वीकारार्ह बदलाची मर्यादा’ ही चौकट ‘किती माणसं चालतील’ हा प्रश्न बाजूला ठेवते आणि ‘कितपत बदल चालेल’ असं विचारते. कुणाला चालेल, हे मात्र तुम्हालाच शोधावं लागतं. गिर्यारोहकाला चालणारा बदल उपासकाला चालेलच असं नाही.

सातवी पायरी: कार्यक्रम आखा, चालवा, तपासा

रिक्रिएशनच्या अभ्यासात चार टप्प्यांचं चक्र शिकवतात: गरजेची तपासणी, आखणी, अंमलबजावणी, मूल्यमापन. रिक्रिएशन थेरपीत हे चक्र काटेकोरपणे पाळावं लागतं. पदवीच्या काळात निदान एक छोटा कार्यक्रम यातून पूर्ण फिरवा. वसतिगृहातल्या वेगवेगळ्या श्रद्धेच्या विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळच्या खेळांचं सत्रही पुरे.

आखणीत उद्दिष्ट असं लिहा की ते साधलं की नाही हे तिसऱ्याला तपासता यावं. ‘एकोपा वाढवणे’ तपासता येत नाही. ‘सहा आठवड्यांनंतर निम्म्या सहभागींनी आपल्या गटाबाहेरच्या किमान दोघांची नावं सांगावीत’ हे तपासता येतं. तारखा ठरवताना सगळ्या परंपरांची पंचांगं समोर ठेवा. चांद्र पंचांगावर चालणाऱ्या सणांच्या आणि उपवासांच्या तारखा दरवर्षी सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच्या तसं उतरवलं की घोटाळा ठरलेलाच. खाण्याचे निर्बंध, प्रार्थनेच्या वेळा, पोशाख, एकत्र खेळण्याविषयीचे संकोच हे नावनोंदणीच्या अर्जातच विचारा, पण उत्तर देणं ऐच्छिक ठेवा. मूल्यमापनात न आलेल्यांनाही गाठा. आलेले लोक खूश असतातच.

आठवी पायरी: इंटर्नशिप

इंटर्नशिप घेताना संस्था केवढी नामांकित आहे यापेक्षा तुम्हाला काय करू देणार ते विचारा. खुर्च्या लावणं आणि नोंदवहीत सह्या घेणं हे सगळ्यांनाच करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. पण किमान एक कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या नावावर असावा आणि त्याचं बजेट तुम्हाला बघायला मिळावं, एवढं लेखी मागा.

परवान्याच्या किंवा प्रमाणपत्राच्या वाटेवर असाल तर तास आधी मोजा. अमेरिकेत थेराप्युटिक रिक्रिएशनच्या, म्हणजे रिक्रिएशन थेरपीच्या, प्रमाणपत्रासाठी एनसीटीआरसी ही संस्था शैक्षणिक मार्गाने येणाऱ्यांकडून किमान १४ आठवडे आणि ५६० तासांची देखरेखीखालची इंटर्नशिप मागते. रुग्णालयातल्या आध्यात्मिक सेवेकडे जायचं असेल तर तिथे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचं एक युनिट साधारण ४०० तासांचं. या दोन वाटा जिथे भेटतात तिथे रुग्णाला त्याच्या श्रद्धेविषयी कसं विचारायचं हे कौशल्य लागतं. क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांनी १९९६ मध्ये तयार केलेली फिका ही प्रश्नावली त्यासाठी चांगली: श्रद्धा कोणती, तिचं महत्त्व किती, सोबतचा समुदाय कोणता, आणि उपचारात तिची दखल कशी घ्यावी. चार प्रश्न, तेही गप्पांच्या ओघात विचारण्यासारखे.

नववी पायरी: प्रकल्पाचा प्रश्न

‘फुरसत आणि धर्म यांचा संबंध’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘तरुणांमध्ये अध्यात्माची आवड कमी होत आहे का?’ हा प्रश्न दिसतो खरा, पण एका सेमिस्टरमध्ये एका विद्यार्थ्याला त्याचं उत्तर मिळणं अशक्य. चांगला प्रश्न अरुंद असतो आणि दोन्ही विषयांशिवाय सुटत नाही. उदाहरणार्थ: एका प्रार्थनास्थळाच्या क्रीडागृहात येणारे, पण प्रार्थनेला न येणारे लोक स्वतःला त्या समुदायाचे सदस्य मानतात का, आणि चालक त्यांना तसं मानतात का? किंवा: मोफत ध्यानवर्ग आणि शुल्क घेणारा ध्यानवर्ग यांतून मध्येच सोडून जाणाऱ्यांची कारणं वेगळी असतात का? किंवा: निवृत्तीनंतर धार्मिक स्वयंसेवा सुरू करणाऱ्यांत स्टेबिन्स यांची सहा लक्षणं कोणत्या क्रमाने दिसतात?

प्रश्न ठरला की एक चाचणी घ्या. तो व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांना एका वाक्यात सांगा आणि मग धर्म-अभ्यासाच्या. पहिल्यांनी ‘याचा उपयोग कुणाला?’ आणि दुसऱ्यांनी ‘इथे धर्म म्हणजे नेमकं काय धरलंय?’ असं विचारलं, तर तुम्ही ठीक वाटेवर आहात. दोघांनीही नुसती मान डोलावली तर प्रश्न अजून ढोबळ आहे.

नोकरीकडे वळताना

‘धर्म आणि फुरसत तज्ज्ञ हवेत’ अशी जाहिरात कुठेही निघत नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच मान्य करा. नोकऱ्या आहेत त्या वेगळ्या नावांनी: समुदाय केंद्राचा कार्यक्रम अधिकारी, विद्यापीठातला विद्यार्थी-जीवन समन्वयक, वारसास्थळाचा अभ्यागत व्यवस्थापक, शिबिर संचालक, वृद्धनिवासातला उपक्रम समन्वयक, यात्रामार्गावरच्या सोयींचा नियोजक, धर्मादाय संस्थेचा स्वयंसेवक व्यवस्थापक. अर्जासोबत गुणपत्रिकेइतकीच महत्त्वाची असते कामाची फाइल. तिच्यात चार कागद असू द्या: स्वतः आखलेल्या कार्यक्रमाचा आराखडा आणि बजेट, त्याच कार्यक्रमाचं मूल्यमापन (न जमलेल्या गोष्टींसकट), एखाद्या जागेचा गर्दी आणि बाहेर पडण्याच्या वेळेचा हिशेब, आणि क्षेत्रकार्यातलं एक पान, नावं काढून टाकलेलं.

मुलाखतीत “धर्म का शिकलात?” हे विचारतातच. सिद्धांत सांगायला लागू नका. तिसऱ्या कागदावर बोट ठेवा आणि दारातल्या चपलांबद्दल बोला.